घड्याळवाल्याच्या बोटाचं माप

२ फेब्रुवारी, रविवार

लिही. आज जुन्या टाऊन हॉलच्या आवारात रविवारच्या बाजारात पहिल्यांदा टेबल मांडलं. टेबल कसलं, घरातलं इस्त्रीचंच. त्यावर काळं कापड आणि कापडावर अंगठ्या. लोक आधी लांबून बघतात, मग जवळ येतात, मग विचारतात, "आजी, ही कशाची?" मी म्हणते, ओळखा. एका बाईने निळी अंगठी मोठ्या हौसेने बोटात घातली. ती दात घासायच्या ब्रशाच्या दांड्याची आहे म्हटल्यावर तिने काढून बोट रुमालाला पुसलं. मी म्हटलं, बाई, हीच वस्तू रोज सकाळी तोंडात घालतेस तेव्हा बरी किळस येत नाही.

हे सगळं लिहिते आहे ती माझी सून. मला अक्षर येत नाही आणि हिला कानस धरता येत नाही, म्हणून आमचं जमतं. लेकीने फोनवरून सांगितलं, "आई, नवीन धंदा काढतेस तर काय काय झालं ते लिहून ठेवत जा." तिचं काय जातं बोलायला. सांगायचं मी, लिहायचं हिने.

दुपारी कोपऱ्यावरचा घड्याळवाला आला. औषधाच्या दुकानात ही काम करते, त्याच्या समोरच त्याचं खोकं आहे. डोळ्याला भिंग लावून बसलेला असतो, म्हणून मला वाटायचं याला एकच डोळा आहे. आज दोन्ही दिसले. त्याने पुडीतून भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची पितळी पट्टी काढली, काचेभोवती असते ती. म्हणाला, "वडिलांच्या वेळचं घड्याळ होतं. आता दुरुस्त होणार नाही. याची अंगठी होईल?"

मी त्याचा हात हातात घेतला, बोट चाचपलं आणि सांगितलं, हे माप आमच्याकडे नाही.

ही मधेच म्हणाली, "आहे की आई, मापाच्या दांड्यावर खाच."

ती खाच खराब झाली आहे, तिथलं लाकूड मऊ पडलंय, मी म्हटलं. जवळपासचं करून देईन.

का थांबलीस? पेन झटक, शाई येईल.

५ फेब्रुवारी, बुधवार

धंद्याचं लिहायचं तर दांड्याचं लिहायला हवं. मोडक्या खुर्चीचा पाय मी स्वतः तासून निमुळता केला आहे. बाजारात आकडे घातलेला लोखंडी मिळतो, पण आकडे मला काय कामाचे? माझ्या दांड्यावर खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेला नाव आहे. ज्याचं बोट पहिल्यांदा त्या जागी बसलं, त्याचं. बारीक टोकाकडून धरलं तर आधी वरच्या मजल्यावरची नर्स, मग ही, मग मी, मग पोस्टमन. जाड टोकाला बेकरीवाला, त्याच्या पुढे माणसाचं बोट नसतं. लोक विचारतात, आजी, माझं माप कोणतं? मी म्हणते, तू पोस्टमन. बाप्ये चिडतात. एकजण मात्र खूश झाला, त्याला बेकरीवाला व्हायचंच होतं.

पोस्टमन आणि बेकरीवाल्याच्या मधे एक खाच आहे. ती माझ्या मुलाची. तो दोन वर्षांपूर्वी गेला. ती खाच आता वापरत नाही. लाकूड मऊ पडलंय हे सांगितलंच आहे.

पट्टी कापली, वाकवली, सांध्याला डाख लावला. बेकरीवाल्यापासून थोडी अलीकडे घेतली. जरा सैल होईल, होऊ दे. सैल अंगठीने माणूस मरत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

चमच्यांच्या अंगठ्या संपल्या. किल्ल्यांच्या कुणी घेत नाही, म्हणतात टोचतात. जुन्या बटणांच्या शाळकरी मुलींनी नेल्या. सायकलच्या आऱ्यांना पीळ देऊन केलेल्या बघून एकाने विचारलं, "गंजतील का?" मी म्हटलं, तूही गंजशील, त्याआधी घालून घे.

घड्याळवाल्याला अंगठी दिली. त्याने घातली, हात खाली सोडला, ती घरंगळून टेबलाखाली गेली. ही आणि तो एकदमच वाकले, दोघांची डोकी आपटली. हिच्या कपाळाला टेंगूळ आलंय. मी म्हटलं, बर्फ लाव. ही म्हणते, दुखत नाही. दुखत नाही तर सारखा हात कशाला लावतेस?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

घड्याळवाला अंगठी घेऊन घरी आला. सैल आहे म्हणे. मी सांध्यातून कापली, कणभर पितळ काढलं, पुन्हा जोडली. तोवर तो बसून होता. त्याची नजर सगळीकडे फिरते. शेगडा कुठे बसवलाय, ब्रशाचे दांडे किती वेळ गरम पाण्यात ठेवता, वाकवल्यावर लगेच गार पाण्यात का बुडवता. मला तेव्हाच संशय आला. खोक्यात गिऱ्हाईक नाही, मोबाइलमुळे घड्याळं कुणी घालत नाही. हा माझी कला उचलणार आणि समोर दुकान मांडणार. म्हणून मी सांगितलं, पाण्यात मीठ घालावं लागतं, मूठभर. घालू दे बापडा.

जाताना हिचं मनगटावरचं घड्याळ नेलं. मागे पडतं म्हणे. गेल्या आठवड्यातच त्याने नवा सेल घातला होता. असला कारागीर. घड्याळ धड करता येत नाही, म्हणून अंगठ्यांवर डोळा.

१६ फेब्रुवारी, रविवार

अंगठी आता घट्ट होते. पोस्टमनच्या जवळ गेली असणार. बोटाच्या सांध्यावरून पुढे सरकेना, बोट लाल झालं. मी म्हटलं, साबण लाव. तो म्हणाला, "राहू द्या आजी, मी बुधवारी येतो निवांत."

मला एक कळत नाही. त्याच्याकडे केसाएवढ्या बारीक कानशी आहेत. आतून चार हात मारले तर अंगठी बसेल. दुसऱ्याच्या घड्याळातलं मोहरीएवढं चाक घासणारा माणूस स्वतःची अंगठी घासू शकत नाही? हिला विचारलं. ही म्हणाली, "असेल काही." आणि इस्त्रीचं टेबल उचलायला गेली. ते त्यानेच उचललं, घरापर्यंत आणलं. वाटेत माझी गिऱ्हाइकं मोजत असणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज काहीच धड होत नाही. कशाचं काही कारण नाही. आक्रोडाच्या टरफलाची अंगठी घासता घासता तडकली. दुसरी घेतली, तीही तडकली. उठले, गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. ही म्हणाली, "आई, बसा की जरा." बसले की पाय हलतात. काहीतरी आपल्या हातातून निसटून चाललंय असं वाटतं आणि हात बघितला तर रिकामा.

घड्याळवाला येऊन गेला. मी अंगठी ठोकून वाढवली. जास्तच वाढली, सैल झाली. तो म्हणाला, "काही हरकत नाही." त्याला कशालाच हरकत नसते. अशा माणसापासून सावध राहावं.

ही हल्ली गुणगुणते. औषधांच्या जाहिरातीतलं असेल काहीतरी.

२३ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं: घड्याळवाला कसा टपून बसलाय, दर आठवड्याला अंगठीचं निमित्त काढून कसा येतो, इस्त्रीचं टेबल कसं उचलतो. लेक आधी हसली. मग म्हणाली, "आई, तो अंगठ्यांसाठी येत नाही. वहिनीसाठी येतो."

माझा फोन मोठ्याने बोलतो, मला तो बारीक करता येत नाही. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला.

आज एवढंच पुरे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल लेकीने सांगितलेलं खोडून टाक.

नको. राहू दे. कागद खराब दिसतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तो आला. ही कामावरून यायची होती. मी दारातच सांगितलं, अंगठी आता परत आणू नकोस. तुझं माप आमच्याकडे नाही, होणारही नाही. आहे तशी घाल, नाहीतर कपाटात ठेव.

 त्याच्या हातातल्या पुडीत हिचं घड्याळ होतं, ते दिलं. "चालू आहे आता," म्हणाला. आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. मी भांडायची सगळी तयारी करून ठेवली होती, ती अंगावरच राहिली.

हिला संध्याकाळी मीच सांगितलं, म्हणजे कुणी दुसऱ्याने सांगायला नको. ही म्हणाली, "बरं केलंत आई." अक्षर कसं आलंय या ओळीचं? सरळ आलं असेल. हिचं सगळं सरळच असतं.

२ मार्च, रविवार

बाजारात गर्दी होती. एक मुलगा मुलीला घेऊन आला, लग्न ठरलंय, दोघांना सारख्या अंगठ्या हव्यात, सोनं नको, काहीतरी वेगळं. दोघं भेटली ती बसमध्ये, तर बसच्या सीटचा तुटलेला पत्रा घेऊन आली होती. मी विचारलं, सरकारी का रे? तो म्हणाला, "तुटला होता आजी, आम्ही फक्त पूर्ण तोडला." मुलीचं बोट नर्सचं. त्या मुलाचं बोट हातात घेतलं आणि सोडलं. सांगितलं, हे माप नाही आमच्याकडे.

मुलगी म्हणाली, "मग माझीही नको." आणि गेली दोघं.

ही शेजारीच उभी होती.  हल्ली ही काही म्हणजे काही बोलत नाही. वेळेवर उठते, वेळेवर औषध देते, भाजीत मीठ बरोबर असतं. बोलणी खाणं परवडतं, हे परवडत नाही. मी मुद्दाम म्हटलं, आज भाजी अळणी झाली. ही उठली आणि मिठाची बाटली आणून माझ्यापुढे ठेवली. पूर्वी म्हणाली असती, "तुमची जीभच अळणी झालीय."

६ मार्च, गुरुवार

फणीची अंगठी करायला घेतली, दात मोडले. बटण फुटलं. किल्ली घासता घासता अंगठ्याचं कातडं निघालं. घरात खुर्ची आहे, पलंग आहे, स्टूल आहे, कशावरच बूड टेकत नाही. गॅलरीतून औषधाचं दुकान दिसतं. समोरच्या खोक्याची फळी खाली पाडलेली.

बेकरीवाला म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही? मालकाने जागा काढून घेतली. तो भावाकडे चाललाय, दुसऱ्या गावी. महिन्याच्या मध्यावर."

हिला सांगितलं. ही कपडे घडी करत होती. "मला माहीत आहे," म्हणाली. आणि घडी केलेलाच टॉवेल उलगडून पुन्हा घडी केला.

१० मार्च, सोमवार

तो जातोय हे चांगलंच झालं. कला वाचली.

हे कशाला लिहिलंस? मी नुसतं बोलत होते.

१४ मार्च, शुक्रवार

आजचं अक्षर वेगळं दिसेल. आज घड्याळवाला लिहितो आहे. तो अंगठी परत द्यायला आला, ही दुकानात. मी म्हटलं, आलायस तर बस, पेन घे, माझं लिहायचं राहिलंय. मी सांगेन तेच लिही, स्वतःबद्दल आहे म्हणून गाळू नकोस आणि छानही करू नकोस.

घड्याळवाला बारीक झालाय. दाढी नीट केलेली नाही. लिही, लिही. शर्टाचं एक बटण तुटलंय, मी दिलं असतं, पण माझ्याकडच्या बटणांच्या अंगठ्या होतात.

तो म्हणाला, "आजी, अंगठी सैल आहे. प्रवासात पडेल. वडिलांच्या घड्याळाची आहे, हरवायला नको. तुमच्याकडे राहू दे."

मी विचारलं, आमच्याकडे का? भावाकडे कपाट नाही?

तो काही बोलला नाही. हे लिही, की तू काही बोलला नाहीस.

मग मी सरळ विचारलं. तू हिला विचारलं होतंस?

"हो."

केव्हा?

"गेल्या महिन्यात. तुम्ही माझं येणं बंद करण्याआधी."

काय म्हणाली?

पेन खाली ठेवू नकोस. काय म्हणाली ते लिही.

ती नाही म्हणाली. ती म्हणाली, "मला आईंना विचारावं लागेल आणि ते मी विचारणार नाही. त्यांनी होकार दिला तरी मुलगा दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल त्यांना."

मी विचारलं, मग तू काय म्हणालास?

"मी म्हटलं, बरं."

तुझं बरं म्हणणं एक दिवस तुला घेऊन बुडेल, हे मी त्याला सांगितलं. मग त्याचा हात घेतला. पहिल्या दिवशी घेतला होता तोच. दांडा काढला आणि त्याच्या बोटावरची जागा दोऱ्याने मोजून दांड्यावर दोरा फिरवला. तो पोस्टमनला बसला नाही, बेकरीवाल्याला बसला नाही. जिथे बसला तिथे बसला. त्याला म्हटलं, हात लावून बघ, लाकूड मऊ आहे का?

त्याने अंगठ्याने दाबून बघितलं. म्हणाला, "नाही आजी. टणक आहे."

मग अंगठी ठेवून जा. आणि गाडी कधीची?

"रविवारी संध्याकाळची."

लिहून झालं असेल तर सही कर. कशाला म्हणजे? मला काय माहीत तू काय लिहिलंयस.

१५ मार्च, शनिवार

सकाळपासून बसले आहे. पट्टी सांध्यातून उघडली. मधल्या खाचेवर घेतली, ठोकली, फिरवली, पुन्हा ठोकली.  दोन वेळा मधेच उठले, एकदा पाणी प्यायला आणि एकदा नुसतीच. डाख लावला. आतून घासली, बाहेरून घासली, बारीक कागदाने, मग कापडाने. दुपारी ऊन टेबलावर आलं तेव्हा पितळ असं चमकलं की मी ते हाताने झाकलं.

मुलाच्या लग्नातली अंगठी सोन्याची होती, ती सोनाराने केली होती. मी त्याला चमच्याची केली होती, ती त्याने कधी घातली नाही. म्हणायचा, "आई, ऑफिसात हसतील." तरी माप त्याने दिलं होतं, माझा दांडा पुरा व्हावा म्हणून. तासभर बोट ताणून बसला होता या टेबलाशी आणि सारखा म्हणत होता, "झालं का?"

झालं.

हे लिहिताना तू रडू नकोस, अक्षर पसरतं.

१६ मार्च, रविवार

आज बाजारात गेलो नाही. हिने विचारलं, "टेबल नाही न्यायचं?" मी म्हटलं, नाही, आज लिहायचं आहे. ही म्हणाली, "सकाळीच?" हो, सकाळीच. बस.

अंगठी टेबलावर आहे, डबीत. डबी औषधाच्या गोळ्यांची आहे, दुसरी मिळाली नाही. त्याला दे. खाच मी केली आहे, बोट त्याचं आहे, देणारं कुणीतरी लागतं आणि मला जिने उतरायचा कंटाळा आहे.

पेन थांबवू नकोस. मी सांगते ते तू लिहितेस, असं ठरलंय ना आपलं? पहिल्या दिवसापासून एकही शब्द बदलला नाहीस, मला माहीत आहे. माझ्यावरचे टोमणेसुद्धा नीट लिहिलेस, लेकीने मागे फोनवर वाचून घेतलं होतं तुझ्याकडून. तर आता नवी ओळ घे.

तू विचारणार नाहीस, तोंडून काढणार नाहीस, तुझा हट्ट मला ठाऊक आहे, माझाच लागला आहे तुला. म्हणून मी सांगते आणि तू लिही. माझ्याकडे बघू नकोस, कागदाकडे बघ.

लिही: आई, मी त्याच्याशी लग्न करू का?

लिहिलंस? वाचून दाखव.

नाही, एवढ्या हळू नाही. मला ऐकू येईल असं वाच.

हं. आता त्याच्याखाली लिही: कर.

आणि माझं काय, हे विचारायचं नाही. ते तुम्ही दोघं ठरवाल आणि मी ऐकणार नाही, ते नंतर बघू. त्याला सांग, भावाला कळव की येत नाही, किंवा येतोय तर तिघं येतोय. शेगडा जड आहे, तो त्याने उचलायचा.

आता उठ. अजून काय लिहितेस? मी काही सांगत नाहीये.